साडेतीन तिकिटं

खासबाग, बेळगाव
८ जानेवारी १९८४

ती. आक्कास,
सप्रेम जयभीम.

तुझं पत्र पोचलं. चटणीची बरणी पण पोचली. अजून उघडलेली नाही.

मालूच्या विम्याचे पैसे आले. पंचवीस हजार. ती जाऊन दीड वर्ष होत आलं तेव्हा चेक निघाला, तोही आमच्याच कचेरीतून. पॉलिसी लग्नानंतर मीच काढली होती. तिची मुदत मागच्या वर्षी संपणार होती, म्हणून मी मालूला चेष्टेनं सांगायचो की तुला काही होत नाही, फुकट हप्ते भरतेयस. असो.

या पैशाचं काय करायचं ते मी ठरवलं आहे. तुला ठाऊकच आहे, तिला सगळ्यांना घेऊन परदेशी जायचं होतं. लुंबिनी बघायची, मग कलकत्त्याहून रंगून, बँकॉक आणि येताना लंका. शाळेतल्या भिंतीवरच्या नकाशावर ती पोरांना बोट फिरवून दाखवायची. "माझ्या पगारातनं जायचं, तुमचा एक पैसा नको," असं ती म्हणायची. म्हणून याच पैशात बसवायचं. लंकेत गेल्या जुलैपासून दंगली चालल्यात, तेवढी काढली. बाकी तसंच ठेवलं.

कोल्हापूरचे काही उपासक भन्तेंबरोबर मेमध्ये याच वाटेनं जाणार आहेत. मी त्यांना भेटून आलो. विमानाचं सगळं मिळून माणशी बावन्नशे पडतात. तू, आई, मी अशी तीन पूर्ण आणि विशूचं अर्धं, म्हणजे साडेतीन तिकिटं, अठरा हजार दोनशे. आगगाडी, राहणं, व्हिसा, जेवण यांना सहा हजार आठशे. बरोबर पंचवीस हजार होतात. रंगूनमध्ये सात दिवसांच्या वर राहू देत नाहीत. बँकॉकला विहारात उतरायची सोय आहे, तिथं भाडं नाही.

आईला विचारून कळव. विशूला पण सांग.

तुझा,
आण्णाप्पा


निपाणी
१५ जानेवारी १९८४

चि. आण्णाप्पास,
आक्काचे अनेक आशीर्वाद आणि जयभीम.

बाबा रे, बरणी उघड. ती शोकेसमध्ये ठेवायला नाही पाठवली. एकटा माणूस कचेरीच्या कँटीनमध्ये काय खातो ते मला सांगायला नको.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि एकदा आईला वाचून दाखवलं. आई आधी रडली. मग पदरानं तोंड पुसून तिनं पहिला प्रश्न विचारला, "परसाकडं लागली तर इमानात कुठं जायाचं गं?" तुझे दाजी म्हणाले, खिडकी उघडायची. दोन दिवस आई त्यांच्याशी बोलत नव्हती. पण लुंबिनी म्हटल्यावर तिचा जीव तिकडंच आहे. तंबाखूच्या वखारीत पानं निवडून जिची बोटं काळी झाली, ती म्हातारी आता गल्लीत ज्याला त्याला सांगत सुटली आहे की मी रंगूनला जाणार. मीही तिच्याच पोटची. मला विमानात बसायचंय रे. रॉकेलचा स्टोव्ह नेऊ देतात का ते विचार, म्हणजे जेवणाचे पैसे वाचतील. नसतील देत तर मी दशम्या आणि तांबडी चटणी डब्यात भरीन, आठ दिवस बघायला नको.

विशू मजेत आहे. आईवेगळी लेक म्हणून तिची काळजी करू नकोस. इथल्या शाळेत ती चांगली रमली, सहामाहीत वर्गात दुसरी आली. मैत्रिणी पुष्कळ आहेत. माझ्याच अंगाला चिकटून झोपते. मे महिन्यानंतरही तिची शाळा इथंच ठेवलेली बरी, असं माझं मत. पोरीची मुळं सारखी उपटू नयेत.

नोव्हेंबरात येतो म्हणून कार्ड टाकलंस आणि आला नाहीस. पोर वाट बघत होती. बेळगाव-निपाणी बसनं दोन तास. रंगूनचं विमान किती वाजता सुटतं ते तुला पाठ आहे आणि निपाणीची बस कुठं लागते ते विसरलास काय?

तुझी,
आक्का


खासबाग, बेळगाव
२ फेब्रुवारी १९८४

ती. आक्कास,
सप्रेम जयभीम.

स्टोव्ह नेऊ देत नाहीत. दशम्या चालतील. आईला सांग, विमानात संडास असतो, मागच्या बाजूला.

नोव्हेंबरात कचेरीत तपासणी होती. यायला जमलं नाही.

जेवणाला मी माणशी रोजचे वीस रुपये धरले होते, ते दशम्यांमुळं थोडे खाली येतील. परदेशात खर्चायला बँकेतून डॉलर घ्यावे लागतात, त्याचा अर्ज आणला. आपले फोटो लागतील, प्रत्येकाचे चार. पासपोर्टच्या कचेरीला बंगळूरला कागद पाठवायचे आहेत. तुझा आणि आईचा वयाचा दाखला मी कोर्टातून प्रतिज्ञापत्र करून घेतो. विशूचा शाळेतून घे. तिला मेमध्ये साडेदहा होतील, म्हणजे अर्धं तिकीट बसतं. बारा पूर्ण झाले की पूर्ण लागतं.

विशू रमली हे बरं झालं. शाळेचं तू म्हणतेस तसंच करू.

मी संध्याकाळी कचेरीतून येतो आणि हेच हिशोब करतो. वेळ बरा जातो. काही वाटत नाही. बरंही नाही, वाईटही नाही. शेजारच्या जयाबाई परवा विचारत होत्या, काय होतंय भाऊजी. मी म्हटलं काही नाही. ते खरंच आहे.

आण्णाप्पा


निपाणी
११ फेब्रुवारी १९८४

चि. आण्णाप्पास,
अनेक आशीर्वाद, जयभीम.

शाळेतून दाखला आणला आणि हसावं का रडावं कळेना. तुझं अर्धं तिकीट जाणार असं दिसतंय.

विशूची जन्मतारीख शाळेत एक जून एकोणीसशे बहात्तर आहे. ती जन्मली त्र्याहत्तरच्या दिवाळीत, मी स्वतः बाळंतपणाला होते. पण विसरलास काय? मालूला दम कुठं होता! पोर पाच वर्षांची व्हायच्या आत तिनं तिला आपल्याच शाळेत पहिलीत बसवली आणि वय कमी पडतंय म्हणून हेडमास्तरांना सांगून तारीख मागं ढकलली. आपल्या सगळ्यांच्या तारखा एक जूनच्याच, माझी एक जून, तुझी एक जून. तिला वाटलं, एकीनं काय बिघडतं. तेव्हा तू घरात मोठा तमाशा केला होतास, खोटी तारीख चालणार नाही म्हणून. दिवसभर लोकांच्या वयाचे दाखले तपासणारा माणूस, आणि घरात पोरीचं वय दीड वर्षानं वाढवलेलं!

तुमचा गट निघतोय मेच्या अखेरीला. एक जूनला सगळे रंगूनमध्ये असणार आणि पोर कागदावर बारा पूर्ण करणार. तुझे दाजी चौकशी करून आले. निघताना बारा पूर्ण नसले तर अर्ध्यावर चालतं म्हणे, पण तारखा जरा जरी पुढं गेल्या तर नाही. बघ बाबा काय ते.

ती आता माझ्या खांद्याला लागते. पोलकं तीनदा उसवून मोठं केलं. तुझ्या डोळ्यांपुढं अजून ती नऊ वर्षांची असेल. एक रविवार काढून ये.

आक्का


खासबाग, बेळगाव
५ मार्च १९८४

ती. आक्कास,
सप्रेम जयभीम.

उत्तराला उशीर झाला. गटाकडून निरोप यायचा होता. रंगूनच्या विमानात जागा मेमध्ये नाहीत. ते आता आठ जूनला निघणार. म्हणजे विशूचं तिकीट पूर्ण.

तारखेचं मी विसरलो होतो. तमाशा केलेला पण आठवत नव्हता. तुझं पत्र वाचल्यावर आठवलं. मालू तेव्हा म्हणाली होती, तुम्ही तुमचे कागद सांभाळा, मी माझी पोर सांभाळते.

चार पूर्ण तिकिटं वीस हजार आठशे आणि वरचे सहा हजार आठशे. सत्तावीस हजार सहाशे. सव्वीसशे कमी पडतात. मी पुष्कळ फिरवून बघितलं. कलकत्त्याला धर्मशाळा धरली, बाजारहाट काढली. तरी बसत नाही.

आण्णाप्पा


निपाणी
१२ मार्च १९८४

चि. आण्णाप्पास,
अनेक आशीर्वाद, जयभीम.

सव्वीसशे रुपयांसाठी एवढं काय घेऊन बसलास? माझी भिशी पुढच्या महिन्यात लागते आहे, तीन हजार. घे आणि मोकळा हो. ते नको असेल तर तुझ्या स्वतःच्या पगारातले घाल. तेही नको असेल तर बँकॉक काढ. आईला बँकॉक म्हणजे काय ते माहीत नाही. आणि सगळंच नको असेल तर मी घरी राहते. दाजींना दोन वेळा भाकरी कोण घालणार ही काळजी आहेच.

विशूला आम्ही सगळं सांगितलं आहे. तिनं भूगोलाच्या पुस्तकातला नकाशा काढून रंगूनवर पेन्सिलीनं खूण केली. मला म्हणाली, "आत्या, आप्पा माझ्या शेजारी बसतील न्हवं विमानात?" मी म्हटलं, व्हय बाई, बसतील. पोरीचं काय, आज हे उद्या ते. इथं ती सुखात आहे, तू मनाला लावून घेऊ नकोस.

आक्का


खासबाग, बेळगाव
२१ मार्च १९८४

ती. आक्कास,
सप्रेम जयभीम.

तुझे पैसे घालायचे नाहीत आणि माझेही नाहीत. मालूच्याच पैशात जायचं हे तिचं म्हणणं होतं. लंका काढली तेवढी पुरे, तिनं ठरवलेलं आणखी काही काढायचं नाही. तू घरी राहून चालणार नाही, आई आणि विशूला बाई माणूस लागतं.

म्हणून मी असं ठरवलं. मी येत नाही. तीन तिकिटं पंधरा हजार सहाशे आणि वरखर्च एक्कावन्नशे. वीस हजार सातशे. त्रेचाळीसशे शिल्लक राहतात, त्यात आईला हातात खर्चायला देता येतील आणि विशूला एक स्वेटर घेता येईल. भन्ते बरोबर आहेत, गटात कोल्हापूरच्या चार बायका आहेत, काही अडचण पडणार नाही. निपाणीहून मिरजेपर्यंत दाजी सोडतील, तिथून गट बरोबर असेल. कागद मी पोस्टानं पाठवतो.

विशू तुझ्याजवळ रमली आहे. माझं नसणं तिला फार जाणवणार नाही. सगळं नीट बसलं, याचं मला समाधान आहे.

आण्णाप्पा


निपाणी
२७ मार्च १९८४

आण्णाप्पा,

आशीर्वाद नाही लिहीत. राग आला आहे आणि तो आला आहे म्हणूनच लिहिते.

तुझं पत्र आलं तेव्हा मला वाटलं, भाऊ किती मोठ्या मनाचा, स्वतःचं तिकीट सोडून म्हातारीला खर्चायला पैसे ठेवतो. मी ते आईला कौतुकानं वाचून दाखवलं. विशू ताटावर बसली होती. तिनं भाकरी खाली ठेवली आणि म्हणाली, "आप्पांना माझ्यासंगं यायचंच न्हाय."

मी दटावलं. तेव्हा तिनं सांगितलं ते तुला जसंच्या तसं सांगते. नोव्हेंबरात तू आला होतास. तुझं कार्ड आलं होतं म्हणून ती स्टँडवर उभी होती. कोल्हापूरची बस आली, खिडकीत तू होतास. तिनं हात वर केला. तू तिच्याकडं बघितलंस, बघतच राहिलास आणि उतरला नाहीस. बस कोल्हापूरला गेली. "आप्पांनी मला वळखलं, आत्या. वळखलं म्हणूनच न्हाय उतरलं." चार महिने पोरीनं हे पोटात ठेवलं. तरी दर रविवारी मैत्रिणीकडं जाते म्हणून ती स्टँडवर जाऊन येते. हे मला काल कळलं. तपासणी होती म्हणे कचेरीत!

मी आंधळी नाही आण्णाप्पा. वेण्या पुढं घेतल्या की पोर अगदी मालू दिसते. मान तशीच वाकडी करते. चुलीपुढं बसलेली बघून मी सुद्धा कधी कधी तिला मालू म्हणून हाक मारते. तुला तिचं तोंड बघवत नाही, एवढंच खरं आहे. सव्वीसशे रुपये, बँकॉक, वरखर्च, हे सगळं त्याच्यावर घातलेलं पांघरूण आहे.

आणि माझंही सांगते. ती इथं रमली, रमली असं मी तुला प्रत्येक पत्रात लिहिलं. ती रमलेली नाही. मला मूल नाही. पंधरा दिवसांसाठी म्हणून तू तिला सोडलीस, आणि मला वाटायला लागलं की तू नेलीच नाहीस तर बरं होईल. सहलीवरून आल्यावर तू तिला घेऊन जाशील या भीतीनं मी लिहीत राहिले, आणि तू ते खरं मानून स्वतःला काढून टाकलंस. आता मला तुझं पण ऐकायचं नाही आणि माझं पण नाही. तिनं स्वतः काही लिहिलं आहे. मी फक्त गणित तपासलं, बाकीच्याला हात लावला नाही.

आक्का


निपाणी
२७ मार्च १९८४

ती. आप्पांस,
शि. सा. जयभीम.

तुमचं पत्र आत्यानं वाचलं. मी तुमचा हिशोब वहीत उतरवून घेतला. तुम्ही नाही आला तर त्रेचाळीसशे उरतात ते बरोबर आहे.

पण मी पण नाही गेले तर आणखी उरतात. दोन तिकिटं दहा हजार चारशे. दोघींचा वरखर्च चौतीसशे. एकूण तेरा हजार आठशे. पंचवीस हजारातून वजा केले की अकरा हजार दोनशे उरतात. आईनं ठरवलेलं काहीच काढावं लागत नाही. आज्जीला लुंबिनी बघायची आहे आणि आत्याला विमानात बसायचं आहे. त्या दोघी जाऊ देत. आतोबा म्हणाले, मी खानावळीत जेवतो.

मग तुम्ही आणि मी उरतो. तेव्हा शाळा नुकतीच सुरू झालेली असते, थोडी बुडाली तरी चालते. मी बेळगावला येऊ का? मला भात आणि आमटी येते. भाकरी येते पण फुगत नाही.

तुम्ही माझ्याशी बोलला नाही तरी चालेल. मी दुसऱ्या खोलीत बसेन.

तुमची,
विशाखा


खासबाग, बेळगाव
२ एप्रिल १९८४

चि. विशाखास,
अनेक आशीर्वाद आणि जयभीम.

तुझं गणित मी तीन वेळा तपासलं. त्यात चूक नाही. दोन तिकिटांचे पैसे मी आज कोल्हापूरला पाठवून दिले. आज्जीला आणि आत्याला सांग.

नोव्हेंबरात बसमध्ये मीच होतो. तू हात वर केलास तो मी बघितला. मला उठता आलं नाही. का ते मला नीट सांगता येणार नाही. तेव्हापासून मला कशाचंच काही वाटत नव्हतं. तुझं पत्र आलं त्या दिवशी मी कचेरीत गेलो नाही.

तू जूनची वाट बघू नकोस. परीक्षा झाली की लगेच यायचं, आणि नंतरची शाळा कुठं ते तू सांगायचं, मी नाही आणि आत्या पण नाही. मी येत्या रविवारी सकाळच्या बसनं निपाणीला येतो. उतरणार आहे. तुझ्याकडं बघून मला रडू आलं तर घाबरू नकोस. मला काय बोलायचं ते सुचणार नाही, तेव्हा तूच बोल.

दुसऱ्या खोलीत बसायचं नाही.

तुझे,
आप्पा